फोनच्या तारेतून आलेला हातचा: प्वेब्लो शाळांमधली पहिली कॉम्प्युटर-शिकवणी

सध्या जिकडेतिकडे ‘एआय शिक्षका’ची चर्चा आहे. तुमच्या मुलाला काय येतं, काय येत नाही हे तो ओळखेल, त्याच्या गतीने शिकवेल, चुकलं तर रागावणार नाही. पालक गोंधळतात आणि शिक्षक धास्तावतात. आणि आपल्याला वाटतं की हे काहीतरी कालपरवा जन्माला आलेलं आहे.

तसं नाही. हे वचन जवळजवळ साठ वर्षं जुनं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ पॅट्रिक सूपीस यांनी १९६६ साली एका विज्ञान-मासिकात भाकीत केलं होतं. अलेक्झांडर राजपुत्र होता म्हणून त्याला शिकवायला ॲरिस्टॉटल मिळाला, पण काही वर्षांत लाखो साध्या शाळकरी मुलांनाही तितकाच जाणता खासगी शिक्षक कॉम्प्युटरच्या रूपाने मिळेल, असा त्याचा आशय होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो ‘शिक्षक’ न्यू मेक्सिको राज्यात, रिओ ग्रांदे नदीकाठच्या इस्लेटा प्वेब्लो नावाच्या गावातल्या मुलांपर्यंत पोहोचला. ही मुलं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची.

ते यंत्र चालायचं कसं, त्याने काय साधलं आणि काय त्याच्या हातातच नव्हतं, हे नीट समजून घेतलं तर आजच्या गोंगाटातलंही बरंच काही उलगडतं. म्हणून जरा मुळापासून सुरुवात करू.

प्वेब्लो म्हणजे कोण?

‘प्वेब्लो’ हा स्पॅनिश शब्द. अर्थ साधा, ‘गाव’. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक उत्तरेकडे सरकले, तेव्हा त्यांना माती-दगडांची, एकावर एक मजले चढवलेली घरं बांधून शेती करणारे लोक दिसले. त्यांनी त्या वस्त्यांना आणि माणसांनाही तेच नाव दिलं. (कोलोरॅडो राज्यात प्वेब्लो नावाचं एक शहर आहे. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.) आज न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो आहेत. प्रत्येकाचं स्वतःचं शासन आहे, स्वतःचे सणवार आहेत.

आणि भाषा? तिवा, तेवा, तोवा, केरेस आणि झुनी. यातल्या पहिल्या तिघी बहिणी आहेत. केरेस आणि झुनी यांचं त्यांच्याशी किंवा एकमेकींशी नातं सिद्ध झालेलं नाही. हाकेच्या अंतरावरच्या दोन गावांतल्या लोकांना एकमेकांचं बोलणं अजिबात कळू नये, असंही इथे घडतं.

शाळा हा या लोकांच्या आठवणीतला दुखरा भाग आहे. १८८१ मध्ये आल्बुकर्कला आणि १८९० मध्ये सांता फेला मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारी वसतिशाळा निघाल्या. त्या काळातल्या अशा शाळांत मुलांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, नाव बदलायचं आणि आईची भाषा बोलली की शिक्षा करायची, ही सर्रास रीत होती. १९६९ साली अमेरिकी सिनेटच्या समितीने या साऱ्या व्यवस्थेवर अहवाल दिला तेव्हा शीर्षकातच तिला ‘राष्ट्रीय शोकांतिका’ म्हटलं. कॉम्प्युटर गावात आला तो त्यानंतर लगेचच. ही पार्श्वभूमी डोक्यात नसेल, तर पुढचं सगळं नुसती यंत्राची गोष्ट वाटेल.

खोलीत कॉम्प्युटर नव्हताच

आज ‘शाळेत कॉम्प्युटर आला’ म्हटलं की पडदा आणि माउस डोळ्यांपुढे येतो. तेव्हाचा कॉम्प्युटर खोलीभर असायचा आणि तो होता कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डला, म्हणजे इस्लेटापासून सुमारे १,४०० किलोमीटरवर. मुलांच्या समोर होता तो टेलिटाइप. आपल्याकडच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या छापत खडखडणारा टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना वेगळं सांगायला नको. टाइपरायटरसारख्या कळा, वर कागदाची गुंडाळी आणि मागे टेलिफोनची तार. पडदा नाही, चित्र नाही, रंग नाही. अक्षरं इंग्रजी आणि तीही फक्त मोठ्या लिपीतली. वेग सेकंदाला दहा अक्षरं. साठ अक्षरांची एक ओळ छापायला सहा सेकंद!

मूल खुर्चीवर बसायचं, आपला क्रमांक आणि नाव टाइप करायचं. लांबच्या कॉम्प्युटरला ते ओळखू यायचं आणि काल धडा जिथे थांबला होता तिथून पहिलं गणित कागदावर उमटायचं. मुलाने उत्तर टाइप करायचं. बरोबर असेल तर पुढचं गणित. चुकलं तर यंत्र छापायचं, ‘नाही, पुन्हा प्रयत्न कर.’ पुन्हा चुकत राहिलं तर शेवटी उत्तर सांगायचं आणि पुढे जायचं. रोजचं सत्र जेमतेम दहा मिनिटांचं. संपलं की किती गणितं सोडवली, किती बरोबर आली, ते छापून यायचं.

या साऱ्याला ‘संगणक-साहाय्यित शिक्षण’ असं भारदस्त नाव होतं. आपण नुसतं ‘यंत्र-शिकवणी’ म्हणू.

एक वाढपी आणि लांब पंगत

एकच कॉम्प्युटर, तोही एवढ्या लांब. मग तो एकाच वेळी अनेक गावांतल्या मुलांना कसा पुरायचा?

लग्नातली पंगत आठवा. पन्नास पानं मांडली आहेत आणि आमटीचा वाढपी एकच आहे. तरी कुणाचं जेवण अडत नाही, कारण घास खायला वेळ लागतो आणि वाढायला क्षण पुरतो. एकाच्या पानावर वाढून तो पुढे सरकतो आणि फिरून येईपर्यंत पहिल्याचं निम्मंच संपलेलं असतं. प्रत्येकाला वाटतं, वाढपी आपल्याचकडे बघतोय. कॉम्प्युटर हेच करायचा. मूल ‘आठ अधिक सात’वर बोटं मोजत असताना तो दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या मुलाचं उत्तर तपासून मोकळा झालेला असायचा. यालाच वेळवाटप पद्धत म्हणतात. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो, त्याच्या तळाशी हीच कल्पना आहे.

दूरवरच्या गावांत शिक्षण नेण्याचे इतर प्रयोगही त्याच सुमारास चालले होते. एटीएस-६ नावाचा उपग्रह १९७४ साली सुटला आणि आधी अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवू लागला. न्यू मेक्सिको त्यातलंच एक राज्य. पुढच्याच वर्षी हाच उपग्रह भारताच्या बाजूला सरकवला गेला आणि १९७५-७६ मध्ये आपल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांनी ‘साइट’ प्रयोगात त्यावरून टीव्ही पाहिला. एकाच यंत्राने दोन खंडांतल्या खेड्यांची सेवा केली, ही गोष्ट मला फार आवडते. पण टीव्ही सगळ्यांना एकच सांगतो आणि आपलं उत्तर ऐकून घेत नाही. टेलिटाइप कितीही गचाळ असला तरी मुलाचं उत्तर वाचायचा आणि त्यावरून पुढचा प्रश्न ठरवायचा. सगळी जादू इथेच होती.

वेणीचे चौदा पेड

‘याचं गणित कच्चं आहे’ असं आपण सहज म्हणून टाकतो. पण गणित ही एकच गोष्ट नाही. ७ + ५ आडवं मांडलं की पटकन सांगणारी मुलगी ४७ आणि ३८ एकाखाली एक मांडले की अडखळते. तिला बेरीज येते, हातचा धरता येत नाही. तिला पुन्हा सगळी बेरीज शिकवणं म्हणजे ज्याचा अंगठा दुखतोय त्याच्या अख्ख्या पायाला प्लास्टर घालणं.

सूपीस यांच्या गटाने प्राथमिक गणिताची वेणी उलगडून चौदा पेड वेगळे केले. संख्येची समज, आडवी बेरीज, उभी बेरीज, आडवी वजाबाकी, उभी वजाबाकी, गुणाकार, भागाकार, मोजमाप, समीकरणं, अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या असे. प्रत्येक पेडात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्या केल्या. मग एखादी मुलगी उभ्या बेरजेत तिसरीच्या सुरुवातीला, पण अपूर्णांकांत चौथीच्या मध्यावर असू शकते, आणि यंत्राला हे दोन्ही ठाऊक असतं. रोजच्या सत्रात ते निरनिराळ्या पेडांतली गणितं मिसळून देतं. ज्या पेडात उत्तरं बरोबर येतात तिथे वर चढवतं, चुका वाढल्या की एक पायरी खाली आणतं.

चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना ही चौदा-चौदा खाती रोज ठेवणं शक्य आहे का? नाही. त्यांच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. दिवसाला तेवढे तासच नाहीत.

ही नुसती घोकंपट्टी नव्हे का?

हा आक्षेप तेव्हाही होता, आणि तो खरा आहे. यंत्र ‘का’ सांगत नव्हतं. हातचा म्हणजे काय, दहा एककांचा एक दशक कसा होतो, हे बाईंनीच वर्गात खडे-काड्या घेऊन समजवायचं होतं. यंत्राकडे फक्त सराव होता. सूपीस स्वतः याचे स्तर वेगळे सांगत. सराव करून घेणं हा सगळ्यात साधा स्तर, नवी संकल्पना समजावून देणं त्याच्या वरचा, आणि मुलाशी खराखुरा संवाद सगळ्यात वरचा. इस्लेटाला पोहोचलं ते मुख्यतः पहिल्या स्तराचं.

मात्र सरावाला कमी लेखू नका. आपले पाढे असेच पाठ झाले, आणि पाठ आहेत म्हणूनच भाजीवाल्यासमोर डोकं मोकळं राहतं. फरक एवढाच, की पाढे सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि त्या सुरात कुणाचे ओठ नुसतेच हलताहेत हे कुणाला कळायचं नाही. यंत्रासमोर ओठ हलवून भागत नाही.

फायदा झाला का?

सूपीस, डेक्स्टर फ्लेचर आणि मारिओ झानोत्ती या तिघांनी १९७५ साली मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या यंत्र-शिकवणीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न नेहमीच्या ‘यंत्र चांगलं की शिक्षक चांगला?’ पेक्षा वेगळा होता. एखादं मूल यंत्रासमोर अमुक इतका वेळ बसलं, तर ते कुठवर पोहोचेल हे सांगता येईल का?

याला ते मार्गरेषा म्हणत. एसटीने निघालेल्या पाहुण्याचा फोन येतो, ‘आत्ता खंडाळ्यात आहे.’ आपण गाडीचा वेग आणि घाट धरून अंदाज बांधतो की हा अमुक वाजता स्वारगेटला उतरेल. तसंच मुलाची आजवरची चाल बघून त्याची पुढची रेषा काढायची. प्रत्येकाची रेषा निराळी. मग सगळ्यांना सारखीच दहा मिनिटं कशासाठी? एकाला सहा पुरतील, दुसरीला पंधरा लागतील. औषधाची मात्रा वजन बघून देतात, तशी सरावाची मात्रा चाल बघून द्यायची. माझ्या मते त्या सगळ्या प्रयोगातून निघालेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि आजही शाळांच्या वेळापत्रकांनी ती मनावर घेतलेली नाही.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. याच गटाच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत मिसिसिपी राज्यातल्या मॅकोम्ब गावात यंत्रावर सराव करणारी मुलं इतरांच्या बरीच पुढे गेली. कॅलिफोर्नियात मात्र तुलनेसाठी घेतलेल्या एका शाळेत शिक्षकांनी स्वतःहून वर्गातला रोजचा सराव वाढवला, आणि तिथली मुलं यंत्रावाल्यांच्या मागे पडली नाहीत. म्हणजे गुण यंत्राचा की नेमाने केलेल्या सरावाचा? जिथे शिक्षक कमी, साधनं कमी, तिथे यंत्राने मोठी पोकळी भरली. जिथे माणसांनी तेवढा वेळ दिला, तिथे माणसंही पुरली.

मुलांना ते मानवलं का?

मूळ रहिवाशांच्या मुलांबद्दल शिक्षकांची जुनी तक्रार असायची, की ती वर्गात तोंडच उघडत नाहीत. सुझन फिलिप्स या अभ्यासिकेने ओरेगन राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज वस्तीत बसून याचा शोध घेतला आणि १९७२ साली निष्कर्ष मांडले. सगळ्या वर्गासमोर उभं राहून उत्तर द्यायची वेळ आली की तिथली मुलं गप्प होत. पण तीच मुलं आपापल्या गटात किंवा शिक्षकाशी एकट्याने बोलताना मोकळी असत. घरी ती बघून-बघून शिकायची, एकट्याने करून बघायची, आणि जमायला लागलं की मगच दाखवायची. शाळेत उलटं होतं: न जमताच सगळ्यांसमोर करून दाखवायचं.

वॉर्म स्प्रिंग्ज वेगळं आणि प्वेब्लो वेगळे, एकाचं सरसकट दुसऱ्याला लावू नये. तरीही टेलिटाइपकडे या नजरेने बघण्यासारखं आहे. तिथे चूक फक्त कागदाला कळते. चारचौघांत हसं होत नाही. फळ्यासमोर उभं राहून घशाला कोरड पडलेल्या आपल्यातल्या अनेकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

यंत्र परक्यांचं, धडा परक्यांचा

आता खरा कळीचा मुद्दा. तार कॅलिफोर्नियातून येत होती, धडे तिकडे लिहिलेले होते आणि भाषा इंग्रजी होती. वसतिशाळांनी मुलं गावातून उचलून नेली होती. इथे मूल गावातच राहिलं, संध्याकाळी आजीकडेच जेवलं, हा फरक लहान नव्हे. पण काय शिकायचं हे ठरवणारं बोट अजून लांबच्याच हातात होतं.

ते बोट हळूहळू हललं. १९७५ साली अमेरिकेत असा कायदा झाला की मूळ रहिवाशांच्या जमाती सरकारशी करार करून आपल्या शाळा स्वतः चालवू शकतात. प्वेब्लोंच्या सामाईक परिषदेने याचा लाभ घेतला, आणि मुलांच्या केसांना कात्री लावण्यासाठी निघालेली सांता फेची ती शाळा आज प्वेब्लोंच्याच हातात आहे.

यंत्रंही बदलली. स्वस्त, सुटे कॉम्प्युटर आले तशी लांबच्या तारेची गरज सरली. १९९०च्या दशकात लगूना प्वेब्लोचा शिक्षण विभाग ‘फोर डायरेक्शन्स’ नावाच्या प्रकल्पाचा म्होरक्या झाला. त्यात वेगवेगळ्या राज्यांतल्या मूळ रहिवाशांच्या शाळा जोडलेल्या होत्या. त्यातल्या मुलांनी मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तूंची छायाचित्रं घेऊन, त्यांच्याविषयी लिहून, कॉम्प्युटरवर फिरून बघता येईल असं दालन तयार केलं. वीस वर्षांपूर्वी मूल यंत्राने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होतं. आता मूल यंत्रात काय घालायचं ते ठरवत होतं. दोन्ही ‘कॉम्प्युटरवरचं शिक्षण’च, पण किती वेगळं!

मग भाषाही यंत्रात का नाही घातली?

मराठी वाचकाला हा प्रश्न हटकून पडेल. भाषा वाचवायची तर ती छापा, युनिकोडमध्ये आणा, ॲप काढा, ही आपली सहज धारणा. हेमेझ प्वेब्लोचं उत्तर वेगळं आहे. तोवा ही भाषा जगात फक्त तिथेच बोलली जाते, आणि ती लिहायची नाही असा समाजाचा निर्णय आहे. तिच्यात विधी आहेत, गुंफलेलं ज्ञान आहे, आणि ते कुणी, कुणाला, कधी सांगायचं याचे नियम आहेत. कागदावर आलेलं कुणाच्याही हाती जाऊ शकतं. ज्यांच्याकडून इतकं काही हिरावलं गेलं, त्यांनी हे दार आतून लावून घेतलं तर त्याला मागासलेपण म्हणणं अन्यायाचं आहे.

यंत्र-शिकवणी अक्षरांवर चालते. न लिहिलेलं तिला दिसत नाही. म्हणून भागाकार यंत्राकडे आणि तोवा आजीकडे, अशी ही वाटणी आहे. ती अडाणीपणाने झालेली नाही. विचार करून झाली आहे.

तार आता कुणाची?

जुनी अडचण मात्र नव्या रूपात परत आली. धडे पुन्हा लांबून येऊ लागले, या खेपेला इंटरनेटवरून, आणि प्वेब्लोंकडे पुरेशी तारच नव्हती. न्यू मेक्सिकोच्या न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला की राज्य सरकार मूळ रहिवासी आणि गरीब मुलांना पुरेसं शिक्षण देत नाही. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, अशा मुलांना उपकरणं आणि इंटरनेट पुरवण्याचा आदेशही झाला.

काही प्वेब्लो मात्र त्याआधीच कामाला लागले होते. कोचिती, सान फेलिपे, सांता आना आणि सांतो डोमिंगो हे चौघे एकत्र आले, आणि हेमेझ व झिया या दोघांनी आपली वेगळी जोडी केली. शाळा-ग्रंथालयांसाठी असलेल्या सरकारी निधीतून त्यांनी स्वतःच्या मालकीची फायबरची तार जमिनीखालून टाकली.

हेमेझच्या ग्रंथालयापर्यंत ती पोहोचली आहे. त्याच गावातल्या बालवाडीत तीन-चार वर्षांच्या मुलांशी मोठी माणसं दिवसभर तोवा बोलतात, आणि त्या वर्गासाठी छापील पुस्तक नाही.